स्टारपोर्टची वर्गवारी दर वेळी तिसऱ्या सेशनला मोडते? आमच्याकडे काय बिघडलं होतं ते सांगतो

दुखणं असं आहे. विज्ञानकथेच्या रोलप्लेइंग खेळासाठी (प्रत्येकजण एक पात्र होऊन खेळतो तो) आपण नकाशा करतो आणि प्रत्येक ग्रहाच्या स्टारपोर्टला, म्हणजे अंतराळजहाजांच्या बंदराला, ए, बी, सी असा वर्ग देऊन टाकतो. दोन सेशन छान जातात. तिसऱ्याला कोणीतरी असं काही विचारतं की त्या अक्षरातून उत्तर निघत नाही. आपण तोंडाला येईल ते सांगून वेळ मारून नेतो. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न दुसऱ्या पोर्टवर येतो, आपण दुसरंच काही सांगतो, आणि मागचं उत्तर लिहून ठेवलेलं माणूस टेबलावर असतंच. मग नवी वर्गवारी बनते, आणि दोन महिन्यांनी तीही मोडते.

माझ्या टेबलावर हे चार वेळा झालं. टेबल म्हणजे इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल, वेळ रविवार सकाळ. पोहे, शेव, जिरावन आणि मधोमध नकाशा. त्यावरच्या दोन-तीन ग्रहांवर हळदीचे कायमचे डाग आहेत. खेळ चालवणारा, म्हणजे रेफरी, मी. खेळणारे पाच: लोहामंडीत ट्रान्सपोर्टचं काम बघणारा धाकटा आतेभाऊ, बँकेतली वहिनी, दहावीतली भाची, रविवारी दवाखाना बंद ठेवणारा एक डॉक्टर मित्र, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले शेजारचे काका. काकांची उमेदीची वर्षं मीटरगेजवर गेली, म्हणून आमच्या नकाशावरची नावंही महू-खंडवा लाइनीवरची आहेत: पातालपाणी, कालाकुंड, चोरल, मुख्त्यारा बलवाडा, बडवाह, सनावद. परकी नावं ठेवली की ती माझ्यासकट सगळेच विसरतात, हा त्यातला दुसरा फायदा.

पहिल्यांदा मोडलं ते कालाकुंडला. वर्ग ए. आतेभावाचं चारशे टनांचं मालवाहू जहाज, इंजिन बसलेलं, कसंबसं उतरवलं.

"दादा, क्रेन किती टनांची आहे इथे?"

"ए वर्ग आहे रे. सगळं आहे."

"सगळं तर आमच्या ऑफिसच्या बोर्डावर पण लिहिलंय. क्रेन बोल."

मी साठ टन म्हणालो. दोन रविवारांनी सनावदला, तोही ए, मी चाळीस म्हणालो. वहिनीने वही उघडली. "भावजी, कालाकुंडला साठ सांगितलं होतंत." तिचं काही चुकलं नव्हतं. बँकेत दिवसभर हेच करते.

आधी खुणा तपासा

तुमचं दुखणं हेच आहे का, ते चार खुणांवरून कळतं. चौघींचं मूळ एकच नाही, त्यामुळे उपायही एकच नाही; म्हणून आधी ओळखा.

पहिली खूण वर सांगितली तीच: आकडा विचारला की अक्षर मुकं होतं.

दुसरी: खेळाडू ए वर्गाच्या पोर्टशिवाय कुठेच जात नाहीत. तुम्ही सी आणि डी वर्गाची वीस पोर्टं रंगवून ठेवलेली असतात आणि ती कोरडी राहतात. हा आळस नाही. उतरंड एकच असेल तर वरची पायरी खालच्या पायरीपेक्षा सगळ्याच बाबतींत चांगली असते, मग शहाणा कॅप्टन खाली कशाला जाईल?

तिसरी: चिमूटभर वस्तीच्या ग्रहावर जहाजबांधणीचा कारखाना. १९७७ साली आलेल्या 'ट्रॅव्हलर' या रोलप्लेइंग खेळापासून चालत आलेली पद्धत वापरत असाल तर ही हमखास दिसते. त्यात सहा वर्ग आहेत. ए म्हणजे शुद्ध इंधन आणि ताऱ्यांमध्ये जाणारी जहाजं बांधणारा कारखाना. बी म्हणजे शुद्ध इंधन, पण कारखाना फक्त ग्रहांमधल्या जहाजांचा. सीला कच्चं इंधन आणि बऱ्यापैकी दुरुस्ती, डीला नुसतं कच्चं इंधन, ई म्हणजे खडकावर खूण केलेली एक मोकळी जागा, आणि एक्स म्हणजे काहीच नाही. दोन फासे टाकायचे. जुन्या तक्त्यात २ ते ४ आलं की ए. म्हणजे छत्तीसपैकी सहा वेळा, सहात एक. लोकसंख्येचे फासे वेगळे पडतात आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दहा हजारांच्या आतली वस्ती छत्तीसपैकी दहा वेळा येते. दोन्ही एकत्र यायची शक्यता बाविसात एक. ऐंशी घरांच्या नकाशात साधारण चाळीस ग्रह येतात, तेव्हा असे सरासरी दोन ग्रह प्रत्येक नकाशात निघतात. पहिल्या वेळी आपण त्यावर गोष्ट रचतो: जुनी वसाहत, यंत्रमानवांचा कारखाना वगैरे. तिसऱ्या नकाशापर्यंत गोष्टी संपतात.

चौथी खूण: पोर्टवर बॉम्ब पडला, पूर आला, संप झाला, तरी नकाशावर ए तो एच.

मी केलेले चुकीचे इलाज

हे थोडक्यातच सांगतो, कारण तुम्हीही यातलं एखादं करून बसला असाल.

अक्षरं कमी पडतात असं वाटून मी प्रत्येक पोर्टला शंभरपैकी गुण दिले. सगळे पंचावन्न ते सत्तरच्या मध्ये अडकले, आणि बासष्ट म्हणजे काय हे मलाही सांगता येईना. मग तुटपुंजी माहिती हेच मूळ, असं ठरवून अकरा रकान्यांचा तक्ता केला: क्रेन, गोदाम, दवाखाना, शीतगृह, खानावळ, विश्रांतिगृह, सगळं. तो भरायला दिवाळीची सुट्टी गेली. टेबलावर तो कोणी वाचला नाही, मी सुद्धा नाही. खेळ चालू असताना अकरा रकाने कोण बघतं? त्यानंतर अक्षराला अधिक-वजाची शेपटी लावून पाहिली, बी अधिक, सी वजा. त्याबद्दल न बोललेलं बरं.

खरं दुखणं काकांनी पकडलं

अकरा रकान्यांचा तक्ता बघून काका म्हणाले, "तू हे विचारतोयस कोणासाठी? गाडी चालवणाऱ्यासाठी, की हिशेब ठेवणाऱ्यासाठी?"

मग त्यांनी रेल्वेचं सांगितलं, आणि माझी चूक मला तिथे दिसली. आपल्याकडे एकाच स्टेशनाला दोन वर्ग असतात आणि दोन्हींत तीच अक्षरं. एक वर्ग कमर्शियल खात्याचा. ए-१, ए, बी असे हे वर्ग प्रवाशांच्या कमाईवरून ठरायचे. सी म्हणजे उपनगरी स्टेशनं, एफ म्हणजे हॉल्ट. २०१७ नंतर ही पद्धत बदलली आणि एनएसजी (उपनगरी नसलेली), एसजी (उपनगरी), एचजी (हॉल्ट) असे गट आले. नुसत्या कमाईबरोबर प्रवाशांची संख्याही धरली जाऊ लागली. दुसरा वर्ग गाडी चालवणाऱ्यांचा: ए, बी आणि सी ही ब्लॉक स्टेशनं, डी म्हणजे नॉन-ब्लॉक. पुढची गाडी कधी सोडायची, लाइन क्लिअर, म्हणजे पुढे यायची परवानगी, कुठल्या अटीवर द्यायची, ते यावरून ठरतं. आता गंमत बघा. जुन्या कमर्शियल हिशेबात 'सी' म्हणजे मुंबईची लोकलची गर्दी. गाडी चालवणाऱ्याच्या हिशेबात 'सी' म्हणजे एक ब्लॉक हट, जिथे प्रवासी गाडी थांबतच नाही.

"आणि कोणाचा गोंधळ होत नाही," काका म्हणाले, "कारण ड्रायव्हर कमाई विचारत नाही आणि तिकीटवाला सिग्नल विचारत नाही."

माझ्या एका अक्षरावर चार माणसांचे चार प्रश्न लटकले होते. कॅप्टनचा प्रश्न: उतरता येईल का? इंजिनियरचा: दुरुस्ती होईल का? माल नेणाऱ्याचा: पेट्या कोण उघडून बघणार? आणि सरकारचा: हे पोर्ट कोणाच्या अखत्यारीत? चौघांची उत्तरं सहसा एकत्र वर-खाली होतात म्हणून दोन सेशन निभावतं. जिथे ती फुटतात, तिथे अक्षर फुटतं.

एकदा हे डोक्यात शिरलं की आजूबाजूला तेच दिसायला लागतं. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर २०१९च्या जुलैत दुबईला जाणारं विमान सुरू झालं. धावपट्टी आदल्या महिन्यातही तीच होती. नवीन काय आलं? इमिग्रेशन आणि कस्टम. उलटं उदाहरण इंदूरजवळच्या टिहीचं: पीथमपूरच्या उद्योगांसाठीचा कंटेनर डेपो. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण परदेशी जाणारा माल कस्टमकडून इथेच तपासून निघतो. आतेभाऊ त्याला सरळ 'पोर्ट' म्हणतो. म्हणजे उतरायची जागा आणि जकातीचं टेबल या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एक असून दुसरी नसू शकते.

'मोठं' या शब्दाचंही तसंच. आपल्या देशात मेजर पोर्ट हा कायद्याचा शब्द आहे: जे केंद्राच्या अखत्यारीत ते मेजर. गुजरातचं मुंद्रा देशातल्या सगळ्यात जास्त माल हाताळणाऱ्या बंदरांपैकी एक, पण कायद्याने ते नॉन-मेजर, राज्याच्या यादीतलं. सरकारी शिक्का आणि क्रेनचा आकडा यांची गल्लत केली की असं होतं.

विमानतळांनी यावर शोधलेला तोडगा मला सगळ्यात आवडला. आंतरराष्ट्रीय पद्धतीत विमानतळाला एक आकडा आणि एक अक्षर मिळतं. आकडा १ ते ४, विमानाला लागणाऱ्या धावपट्टीच्या लांबीवरून. ४ म्हणजे १८०० मीटर किंवा जास्त. अक्षर ए ते एफ, पंखांच्या पसाऱ्यावरून. सी म्हणजे २४ ते ३६ मीटर. इंदूरहून उडणारी बहुतेक जेट ४-सी. अग्निशमनाचा वर्ग पुन्हा वेगळा, १ ते १०, तो विमानाची लांबी आणि धडाची रुंदी बघून. कोणीही 'हा विमानतळ ए दर्जाचा' म्हणून गप्प बसत नाही. एक खूण पायलटची, एक बंबवाल्यांची.

भाचीने त्यात आणखी एक खोदून काढलं. शार्कलेट (टोकाला वर वळलेली पाती) लावलेल्या एअरबस ए-३२०चे पंख ३५.८ मीटर. सीची मर्यादा ३६. ए-३८०चे ७९.७५, आणि एफची मर्यादा ८०. बोइंगच्या ७७७-एक्सचे पंख ७१ मीटरच्या वर जातात, म्हणून त्यांची टोकं जमिनीवर घडी घालून उभी करतात, म्हणजे विमान ६५च्या आत, ई मध्ये बसतं. "मामा, म्हणजे आधी खण आणि मग विमान!" मर्यादा ठरली की बांधणारे तिला चिकटून बांधतात. आमच्या खेळात त्या दिवसापासून ३९५ टनांची जहाजं दिसायला लागली, आणि ४२० टनांचं जहाज म्हणजे कोणाच्या तरी आजोबांचं जुनं.

दुरुस्ती

अक्षर काढून टाकलं. त्या जागी कॅप्टन ज्या क्रमाने प्रश्न विचारतो त्या क्रमाने चार उत्तरं.

उतरता येईल का? दोन आकडे, तिरक्या रेघेने तोडलेले: वर कक्षेत आणि खाली जमिनीवर. ० म्हणजे जागा नाही, १ म्हणजे १०० टनांपर्यंत, २ म्हणजे ४००, ३ म्हणजे १०००, ४ म्हणजे ५०००, ५ म्हणजे काहीही आणा. (हे टन वजनाचे नाहीत, जागेचे: एक टन द्रव हायड्रोजन मावेल एवढी जागा, साधारण १४ घनमीटर. आतेभावाला समजवावं लागलं नाही. कापसाचा ट्रक वजनाने नाही, आकाराने भरतो.)

निघता येईल का? न म्हणजे इंधन नाही, क म्हणजे कच्चं, शु म्हणजे शुद्ध. कच्च्यावर एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारली तर जहाज भलतीकडे निघायचा धोका, आणि जुन्या दराने शुद्ध ५०० क्रेडिट टन तर कच्चं १००. पाच पटींच्या फरकावर टेबलावर भांडणं होतात, आणि ती मला हवीच असतात.

दुरुस्ती होईल का? ० नाही, १ म्हणजे हत्यारं उसनी मिळतील, बाकी तुमचं तुम्ही, २ सुटे भाग आणि क्रेन, ३ इंजिन उतरवून पूर्ण काम, ४ नवं जहाज. क्रेनचा झगडा इथे मिटला: दुरुस्ती २ किंवा वर असेल तर त्या तळावर जेवढं जहाज उतरू शकतं, तेवढ्याचं इंजिन तिथली क्रेन उचलते. वेगळा आकडा लक्षात ठेवायचा नाही.

कोण विचारणार? हा जकातीचा रकाना. ० कोणी नाही. १ नोंदवहीत सही. २ कागद बघतात. ३ पेट्या उघडतात. ४ जप्ती आणि सशस्त्र गस्त.

कालाकुंड आता असं लिहिलं जातं:

४/१ शु ३ ४

आणि चोरल:

०/२ क २ ०

वाचताना "चार-एक, शुद्ध, तीन, चार". दुसऱ्याच रविवारी भाची न बघता म्हणायला लागली.

पाचवा रकाना घ्यावासा वाटला तर एकच कसोटी लावा: या उत्तरामुळे कॅप्टन रस्ता बदलेल का? बदलणार नसेल तर तो रकाना वर्णनात जातो. माझ्या अकरांपैकी सात तिथेच गळाले. दवाखान्यासाठी डॉक्टर बराच वेळ भांडला, पण त्याच्या पात्राने आजवर एकदाही पेशंटसाठी रस्ता बदललेला नाही, हे वहिनीने वही काढून दाखवलं.

वर आणि खाली वेगळं का ठेवलं, हे विचारलं जातंच. गुरुत्वामुळे. मुक्तिवेग पृथ्वीला ११.२ किलोमीटर सेकंदाला, मंगळाला ५, चंद्राला २.४, सेरेस या बटुग्रहाला अर्धा. पृथ्वीवरून नुसत्या कक्षेत जायचं तरी, वाटेतली घट धरून, नऊ-साडेनऊ लागतात. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या इंजिनाने एका दमात गेलात तर निघतानाच्या वजनाच्या आठ भागांपैकी सात भाग इंधन. तुमच्या खेळात गुरुत्व विझवणारं इंजिन असेल तर हा हिशेब सोडा, पण वातावरणाचा राहतो: ज्या जहाजाला हवा कापणारा निमुळता आकार नाही ते खाली येऊच शकत नाही. सेरेससारख्या चिमुकल्या जगावर मात्र वर-खाली करण्यात अर्थ नाही, तिथे एकच आकडा लिहितो.

आता दुसरी खूण, म्हणजे सगळे ए कडेच जातात ती. नवी पद्धत आल्यावर पहिल्याच सेशनला जहाजाच्या पोटात बिल्टी (माल पाठवल्याची पावती) नसलेला माल होता आणि इंजिन अर्धं गेलेलं. कालाकुंडला दुरुस्ती ३, पण जकात ४. चोरलला कोणी विचारणार नाही, पण दुरुस्ती २, इंधन कच्चं, आणि पुढची उडी लांबची. पाऊण तास वाद चालला, पोहे गार झाले. आतेभाऊ म्हणत होता, "माल आधी सनावदला उतरव, मग कालाकुंडला ये, बिल्टी मी बघतो." मी त्या पाऊण तासात काहीही केलं नाही. रेफरीला इतका निवांत वेळ क्वचित मिळतो.

फासे कसे टाकायचे

इथे एक उलटा खड्डा आहे, त्यात मी पडलो. रकाने वेगळे केले म्हणून प्रत्येकाचे फासे वेगळे टाकले, आणि निर्मनुष्य खडकावर जहाजांचा कारखाना, त्याला इंधन नाही, असले प्रकार निघाले. उत्तरं सहसा एकत्र चालतात, कधीतरी फुटतात. फासेही तसेच हवेत.

म्हणून एक पाया. दोन फासे टाका. वस्ती दहा हजारांच्या आत असेल तर २ वजा, कोटीच्या वर १ अधिक, शंभर कोटींच्या वर २ अधिक. ४ किंवा कमी आलं तर पाया ०, ५-६ ला १, ७-८ ला २, ९-१० ला ३, ११ किंवा वर ४. मग इंधन, दुरुस्ती आणि जकात या तिघांसाठी एकेक फासा: १ पडला तर तो रकाना पायापेक्षा एक पायरी खाली, ६ पडला तर एक वर, बाकी पायाएवढाच. इंधनात ० म्हणजे न, १ आणि २ म्हणजे क, ३ आणि ४ म्हणजे शु. वर-खालीचे आकडे मी गुरुत्व, वातावरण आणि वस्ती बघून हाताने लिहितो. त्याला फासे लावून पाहिले, मजा आली नाही.

हिशेब असा बसतो: तिन्ही रकाने पायाएवढेच राहण्याची शक्यता सत्तावीसपैकी आठ. म्हणजे दहातल्या सात पोर्टांचा कुठला ना कुठला रकाना पायरी सोडून जायला बघतो. पाया शून्य किंवा चारवर असेल तिथे त्या पलीकडे जागा नसते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. आणि ती तिसरी खूण? छोट्या वस्तीला वजा दोनमुळे पाया जास्तीत जास्त ३, तोही छत्तीसपैकी तीनदा. वर दुरुस्तीचा ६ पडला तरच कारखाना. सहात एकचे बहात्तरात एक झाले. आता सहा-सात नकाशांत एखाद्या वेळी असा ग्रह निघेल, आणि तेव्हा मी आनंदाने त्यावर गोष्ट रचीन.

बॉम्ब पडला, आता?

चौथ्या खुणेसाठी वर्ग बदलू नका. मी बदलायचो, आणि वहीत खोडाखोड होऊन जुनं कुठलं, नवं कुठलं कळेनासं व्हायचं. विमानवाल्यांकडे यासाठी दोन वेगळे कागद असतात. विमानतळाची कायमची माहिती ठरलेल्या तारखांनाच बदलते, २८ दिवसांच्या चक्रात. मध्येच काही झालं, धावपट्टी बंद, दिवे गेले, क्रेन आडवी उभी आहे, की नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी तात्पुरती सूचना, निघतो, त्याला सुरुवात आणि शेवट असतो. आम्ही तेच घेतलं. कोड पेनने, चिठ्ठी पेन्सिलीने:

चोरल, खाली बंद, पूर, १२ दिवस.

यातून एक गोष्ट फुकटात मिळाली, ती सगळ्या दुरुस्तीत मला जास्त मोलाची वाटते. ट्रॅव्हलरच्या विश्वात प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा संदेश नाही. बातमी जहाजातूनच जाते, आणि एका उडीला अंतर कितीही असो, साधारण आठवडा लागतो. मग चिठ्ठीला वय आलं: जितक्या उड्या लांब, तितके आठवडे शिळी. सनावदला बसून चार उड्यांवरच्या पोर्टची चिठ्ठी वाचता, ती महिन्यापूर्वीची. पूर ओसरलाही असेल. किंवा १२ दिवसांचा संप कालच सुरू झाला असेल आणि तुमच्यापर्यंत अजून काहीच आलं नसेल. मी दोन वह्या ठेवतो: एक टेबलावर, खेळाडूंना जे ठाऊक आहे ते, एक माझ्या मांडीवर, जे खरं आहे ते. आतेभाऊ आता कुठेही निघायच्या आधी "ही चिठ्ठी कधीची?" विचारतो. नर्मदेवरचा पूल चालू आहे का, हे खंडव्याहून येणाऱ्या ड्रायव्हरला तो असंच विचारत असणार.

अजून कुठे अडतं

ए-बी-सी अक्षरं पूर्ण गेली नाहीत. सरकारी शिक्का म्हणून ठेवली आहेत: साम्राज्याच्या दफ्तरात कुठलं पोर्ट 'ए' आहे, एवढंच. अनुदान त्यावर मिळतं, म्हणून बडवाहचा राज्यपाल ए साठी खटपट करतोय आणि त्याच्याकडे क्रेनच नाही. वर्गवारीतला दोष होता, आता तो कथेतला माणूस झाला. नौदलाचा तळ मात्र मी कोडात घातलेला नाही. तो पोर्टचा भागच नसतो, शेजारी असतो. नकाशावर त्याची वेगळी खूण.

गेजचं, म्हणजे रेल्वेत रुळांमधल्या अंतराचं असतं तसं काही, अजून ठरायचंय. भाचीने विचारलं, सगळ्या जहाजांचे डॉक एकमेकांना जुळतातच असं आपण धरून का चालतो? पातालपाणी ते कालाकुंड २०१८च्या डिसेंबरपासून हेरिटेज गाडी चालते, ती १००० मिलिमीटरच्या रुळांवर. महूपर्यंत आलेलं १६७६चं ब्रॉडगेज इंजिन कितीही दणकट असो, त्या घाटात जाऊ शकत नाही. कसोटी लावली तर गेज रस्ता बदलायला लावतं, म्हणजे रकाना हवा. पण आमच्या नकाशावर जुन्या जोडणीचे ग्रह तीनच आहेत, आणि तिघांसाठी चाळीस ठिकाणी शून्य लिहीत बसणं नको वाटतं. तूर्त त्या तिघांच्या कोडापुढे मीटरगेजचा 'मी' लिहितो, आणि बाकीच्यांना काही नाही.

याच कसोटीवरून काकांनी मला अडकवलंय. कालाकुंड स्टेशनचा कलाकंद प्रसिद्ध आहे, म्हणून आमच्या कालाकुंडवरही तो मिळतो, हे मी एकदा बोलून गेलो. गेल्या महिन्यात काका दिशादर्शक होते आणि जहाज दोन उड्या वाकडं नेलं, कशासाठी ते विचारू नका. "कॅप्टनने रस्ता बदलला की नाही? मग रकाना दे." वहिनीने वहीत लिहून घेतलंय.